प्रोसेसची संख्या बदलली की स्पाइक बदलतात : समांतर सिम्युलेशनमधील एक वारंवार येणारी अडचण

नाशिकच्या आमच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेत स्पाइकिंग न्यूरल नेटवर्कचे (ज्यातले न्यूरॉन फायर होऊन एकमेकांना स्पाइक, म्हणजे क्षणिक स्पंद, पाठवतात अशा जाळ्याचे) घटना-आधारित, म्हणजे एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर जाणारे, सिम्युलेशन चार संगणकांवर वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामच्या प्रतींमध्ये) वाटून चालवण्याचे काम गेली काही वर्षे सुरू आहे, आणि जवळजवळ प्रत्येक तुकडीतला कोणी ना कोणी विद्यार्थी एकच तक्रार घेऊन येतो. या वर्षी ती निफाडच्या एका विद्यार्थिनीने आणली. "सर, नेटवर्क तेच आहे, यादृच्छिक संख्यांचा सीड तोच आहे, इनपुटची फाइलही तीच आहे, पण एका प्रोसेसवर ४१७ क्रमांकाचा न्यूरॉन गप्प राहतो आणि चार प्रोसेसवर तोच फायर होतो. माझं नेमकं कुठे चुकतंय?" तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते याच अडचणीत सापडणाऱ्या इतरांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एका गैरसमजाबद्दल, कारण त्याच्यामुळे बहुतेकांचा शोध सुरू होण्याआधीच संपतो. उद्दीपक आणि अवरोधक इनपुटचा समतोल असलेली नेटवर्क केऑटिक वागतात, हे व्हॅन व्ह्रीस्वाइक आणि सोम्पोलिन्स्की या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले, आणि ते खरेच आहे. एका स्पाइकचा फरक अशा नेटवर्कमध्ये झपाट्याने पसरतो. त्यावरून पुष्कळ जण असा निष्कर्ष काढतात की फरक पडणारच, सरासरी फायरिंग दर जुळला म्हणजे झाले. मला हे मुळीच मान्य नाही. केऑस फरक वाढवतो, फरक निर्माण करत नाही. तोच प्रोग्राम, तीच सुरुवातीची स्थिती आणि तेच इनपुट असताना उत्तर बदलले, तर पहिला फरक प्रोग्राममधल्या कुठल्यातरी ओळीतून आलेला असतो, आणि ती ओळ सापडेपर्यंत हरवलेला स्पाइक कोणता आणि केऑसमुळे सरकलेला स्पाइक कोणता, हे आपल्याला सांगता येत नाही. सरासरी दर मात्र दोन्ही प्रसंगी जुळू शकतो.

शोधाची सुरुवात तीन साध्या चाचण्यांनी करावी. प्रोसेसची संख्या न बदलता, त्याच संगणकांवर, तोच प्रोग्राम तीन-चार वेळा चालवावा. तेवढ्यानेच निकाल बदलत असेल, तर घटनांचा क्रम संदेश पोहोचण्याच्या वेळेवर किंवा मेमरीतल्या पत्त्यांवर ठरतो आहे असे समजावे. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, हीच किल्ली धरून बनवलेल्या हॅश टेबलमधून न्यूरॉन एकेक करून काढले, तर ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक वेळी पत्ते बदलत असल्यामुळे क्रमही बदलतो. दर वेळी निकाल तोच येत असेल आणि प्रोसेसची संख्या बदलल्यावरच फरक पडत असेल, तर दोष वाटणीशी बांधलेला आहे. वाटणी कशीही केली तरी निकाल जुळतो, पण संगणक बदलला की जुळत नाही, असे असेल तर दोष अंकगणितात आहे. या विद्यार्थिनीचा प्रसंग दुसऱ्या प्रकारचा होता. चार प्रोसेसवर दहा वेळा चालवले तरी दहाही वेळा ४१७ फायर होत होता, आणि एका प्रोसेसवर दहाही वेळा गप्प होता.

यानंतर स्पाइकच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पहिली वेगळी ओळ शोधायची, हे बहुतेकांना सुचते. मात्र पहिला वेगळा स्पाइक हे केवळ लक्षण असते. खरे कारण त्याच्या आधी, एखाद्या न्यूरॉनच्या स्थितीतला शेवटचा बिट बदलला त्या क्षणी, घडलेले असते. म्हणून प्रत्येक घटनेनंतर त्या न्यूरॉनचे व्होल्टेज आणि पुढच्या स्पाइकची भाकीत केलेली वेळ सतरा सार्थ अंकांपर्यंत, किंवा त्याहून चांगले म्हणजे थेट चौसष्ट बिटांच्या रूपात, नोंदवावी. नेहमीच्या छपाईत सहाच अंक दिसतात आणि त्यात दोन्ही नोंदी तंतोतंत सारख्या वाटतात. आमचे दोन दिवस त्यातच गेले.

नोंदी पूर्ण अंकांत छापल्यावर चित्र स्पष्ट झाले. ४१७ ला दोन न्यूरॉनकडून इनपुट येत होते, एक उद्दीपक आणि एक अवरोधक. या दोन्ही न्यूरॉनचे गुणांक सारखे होते आणि त्यांना एकच सामाईक उद्दीपन मिळत होते, त्यामुळे त्यांचे स्पाइक एकाच क्षणी येणे अपेक्षित होते, आणि एका प्रोसेसवर ते तसे येतही होते. चार प्रोसेसवर मात्र त्यांच्या वेळा ८३ मिलिसेकंदांच्या पुढे पंधरा दशांश स्थळांपैकी तेरा स्थळांपर्यंत सारख्या होत्या आणि शेवटचे दोन अंक एका ठिकाणी ३१ तर दुसऱ्या ठिकाणी ४५ होते. चौदा एककांचे हे अंतर म्हणजे त्या आकाराच्या डबल-प्रिसिजन (चौसष्ट बिटांच्या) संख्येत बसणारा सर्वांत लहान टप्पा, अवघा एक बिट. त्या एका बिटाने उद्दीपक स्पाइक आधी आला आणि अवरोधक नंतर.

इतक्या लहान फरकाने इतका मोठा परिणाम कसा होतो, हे आकड्यांनी पाहू. त्या क्षणी ४१७ चे व्होल्टेज उणे ५०.६ मिलिव्होल्ट होते आणि उंबरठा, म्हणजे ओलांडली की न्यूरॉन फायर होतो ती पातळी, उणे ५० वर होता. उद्दीपक स्पाइक १.२ ने वर नेतो, अवरोधक १.५ ने खाली. उद्दीपक आधी हाताळला तर व्होल्टेज उणे ४९.४ होते, उंबरठा ओलांडला जातो, न्यूरॉन फायर होऊन रीसेट होतो, आणि मागून आलेला अवरोधक स्पाइक विश्रांतिकाळात, म्हणजे फायर झाल्यावर न्यूरॉन इनपुट घेत नाही त्या अल्प काळात, वाया जातो. अवरोधक आधी हाताळला तर व्होल्टेज उणे ५२.१ वर उतरते आणि नंतर उद्दीपक स्पाइकने उणे ५०.९ पर्यंतच चढते, म्हणजे स्पाइक नाही. दोन्ही हिशेब आपापल्या परीने बरोबर आहेत. प्रश्न एवढाच की निर्णय कोणी घेतला : मॉडेलने की योगायोगाने?

आता तो एक बिट आला कुठून? कन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे पुढे जाणे सुरक्षित आहे याची खात्री होईपर्यंत थांबणाऱ्या, चँडी, मिस्रा आणि ब्रायंट यांच्या पद्धतीने चालणाऱ्या समांतर सिम्युलेशनमध्ये प्रत्येक प्रोसेस शेजारच्या प्रोसेसला नल मेसेज पाठवते, आणि त्याचा अर्थ असतो, "या वेळेपर्यंत माझ्याकडून काहीही येणार नाही, तुम्ही तोवर पुढे जा." द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावच्या पॅकहाउसला दिंडोरीहून फोन जातो की चार वाजेपर्यंत आमची गाडी येत नाही, तुम्ही हाताशी असलेला लॉट बंद करा, नल मेसेज म्हणजे नेमका तो फोन. विद्यार्थिनीच्या घरी द्राक्षबाग असल्यामुळे हे उदाहरण तिनेच दिले, आणि ते देता देताच ती थबकली. फोन आला म्हणून काट्यावरचे क्रेट कोणी पुन्हा तोलत नाही. तिच्या प्रोग्राममध्ये मात्र तसेच होत होते. नल मेसेज हाताळणारे फंक्शन प्रोसेसचे घड्याळ पुढे सरकवताना संदेश ज्या सिनॅप्सच्या, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या जोडणीच्या, मार्गाने आला, तिच्या टोकाच्या न्यूरॉनचे व्होल्टेजही त्या वेळेपर्यंत आणून ठेवत होते आणि पुढच्या स्पाइकचे भाकीत नव्याने करत होते.

गणिताच्या दृष्टीने यात काही वावगे नाही. लीकी इंटिग्रेट-अँड-फायर न्यूरॉनचे व्होल्टेज दोन इनपुटांच्या मधल्या काळात घातांकी नियमाने घसरते, आणि तीन मिलिसेकंद एकदम घसरवले काय किंवा आधी एक आणि मग दोन मिलिसेकंद घसरवले काय, कागदावर उत्तर एकच येते. संगणकात मात्र प्रत्येक गुणाकार आणि बेरीज बावन्न अधिक एक बिटांपर्यंत गोल होते, त्यामुळे दोन टप्प्यांत काढलेले उत्तर एका टप्प्यात काढलेल्या उत्तरापेक्षा शेवटच्या बिटात वेगळे येऊ शकते. दोन न्यूरॉनपैकी उद्दीपक न्यूरॉनला दुसऱ्या प्रोसेसकडून येणारी सिनॅप्स होती, म्हणून त्याला नल मेसेजचा स्पर्श होत होता. अवरोधक न्यूरॉनला तशी एकही नव्हती. एका प्रोसेसवर नल मेसेजच नसल्यामुळे दोघेही अस्पर्श राहत होते. प्रोसेसच्या संख्येवर निकाल अवलंबून का होता, याचा पूर्ण उलगडा येथे होतो.

दुरुस्ती एका वाक्यात सांगता येते : न्यूरॉनची स्थिती केवळ त्याच्या स्वतःच्या खऱ्या घटनांवरच बदलावी. नल मेसेज, रेकॉर्डिंगसाठी व्होल्टेज वाचणे, पडद्यावर प्रगती दाखवणे, चेकपॉइंट घेणे (मधली स्थिती जतन करून ठेवणे), यांपैकी कशानेही साठवलेल्या व्होल्टेजला हात लागता कामा नये. मधल्या वेळेचे व्होल्टेज हवे असेल तर ते मोजून द्यावे, पण परत साठवू नये. रेकॉर्डिंग चालू केले की निकाल बदलतो, अशी तक्रार ज्यांची असते, त्यांच्याही मुळाशी बहुधा हेच सापडते.

एवढ्यावर थांबणे मात्र पुरेसे नव्हते. स्पर्श काढून टाकल्यावर दोन्ही स्पाइक पुन्हा एकाच क्षणी येऊ लागले, आणि मग त्यांतला कोणता आधी हाताळायचा हा प्रश्न उघडा पडला. स्पाइकिंग नेटवर्कमध्ये एकाच वेळी येणाऱ्या घटना अपवादाने येत नाहीत, त्या सर्रास येतात. सिनॅप्सचा विलंब बहुतेक मॉडेलांत ०.१ मिलिसेकंदाच्या पटीत दिलेला असतो, अनेकदा सगळीकडे सरसकट १ मिलिसेकंद असतो, आणि एक न्यूरॉन एकाच वेळी हजारो लक्ष्यांकडे स्पाइक पाठवतो. पोत्यान्स आणि डीसमान यांचे २०१४ चे कॉर्टिकल मायक्रोसर्किट मॉडेल घेतले तर त्यात ७७,१६९ न्यूरॉन आणि सुमारे तीस कोटी सिनॅप्स आहेत. अशा आकारात बरोबरीच्या वेळा किती पडत असतील याची कल्पना करता येते. प्राधान्य-रांग, म्हणजे घटना वेळेच्या क्रमाने देणारी रांग, बरोबरीच्या वेळी आधी आत आलेली घटना आधी देत असेल, तर समांतर अवस्थेत आधी कोण आत आले हे नेटवर्क स्विच ठरवतो. नल मेसेजचा दोष नसता तरी विद्यार्थिनीचा प्रोग्राम कधीतरी याच ठिकाणी अडकला असता.

यावर दोन उपाय आहेत आणि माझ्या मते दोन्ही एकत्र करावेत. पहिला, रांगेतील क्रमाची किल्ली केवळ वेळ न ठेवता वेळ, घटनेचा प्रकार, घेणारा न्यूरॉन, पाठवणारा न्यूरॉन आणि सिनॅप्सचा क्रमांक अशी ठेवावी. हे सर्व क्रमांक संपूर्ण नेटवर्कभर एकच असलेले जागतिक क्रमांक हवेत. प्रोसेसच्या आतले स्थानिक क्रमांक किंवा प्रोसेसचा स्वतःचा क्रमांक किल्लीत आला की वाटणी बदलल्याबरोबर क्रमही बदलतो. प्रकाराचा क्रमही जाणीवपूर्वक ठरवावा. बाहेरून आलेला स्पाइक आणि न्यूरॉनच्या स्वतःच्या फायर होण्याची भाकीत केलेली घटना एकाच वेळेवर आल्या, तर आम्ही बाहेरून आलेले इनपुट आधी हाताळतो आणि मग भाकीत पुन्हा तपासतो. उलट क्रमही चालेल, पण तो लिहून ठेवलेला असावा. दुसरा उपाय, एकाच न्यूरॉनकडे एकाच वेळी आलेले सर्व स्पाइक आधी गोळा करून त्यांची बेरीज करावी आणि उंबरठ्याची तपासणी शेवटी एकदाच करावी. वरच्या उदाहरणात बेरीज उणे ०.३ येते, व्होल्टेज उणे ५०.९ होते आणि क्रमाचा प्रश्नच राहत नाही. ही बेरीजही किल्लीच्या क्रमानेच करावी, कारण फ्लोटिंग-पॉइंट बेरजेत कंस हलवला की उत्तर हलते : ०.१ आणि ०.२ आधी मिळवून त्यात ०.३ मिळवले तर ०.६००००००००००००००१ येते, आणि ०.२ व ०.३ आधी मिळवले तर ०.६ येते.

वेळेच्या बाबतीत शक्य असेल तेथे पूर्णांक वापरावेत. ०.१ अधिक ०.२ हे संगणकासाठी ०.३ इतके नसते, म्हणून दोन वेगवेगळ्या मार्गांनी एकाच क्षणी पोहोचणाऱ्या स्पाइकांच्या वेळा उगाचच एका बिटाने वेगळ्या होतात. एक टिक म्हणजे एक नॅनोसेकंद धरून चिन्हासह चौसष्ट बिटांच्या पूर्णांकात वेळ ठेवली तर सुमारे २९२ वर्षे मोजता येतात, म्हणजे जागेची चिंता नाही. नेस्ट हा सिम्युलेटरही वेळ आत पूर्णांक टिकमध्येच ठेवतो. जेथे स्पाइकची वेळ लॉगरिदमने काढावी लागते तेथे ती टिकमध्ये गोल करावी लागेल, आणि हा मॉडेलमधला छोटा पण खरा बदल आहे. तो मान्य नसेल तर डबल-प्रिसिजन ठेवावे, पण मग वरील शिस्त अधिक काटेकोरपणे पाळावी. वेळा गोल करून फरक झाकला गेला म्हणून शोध थांबवणे मात्र चुकीचे ठरेल.

ज्यांनी जेफरसन यांची १९८५ ची टाइम वार्प पद्धत वापरली आहे, त्यांच्याकडे हीच तक्रार वेगळ्या रूपात येते. तेथे प्रोसेस थांबून राहत नाहीत. पुढे धावतात आणि उशिरा आलेला स्पाइक दिसला की रोलबॅक करून, म्हणजे जुनी स्थिती परत आणून, आणि आधी पाठवलेले स्पाइक रद्द करणारे अँटी-मेसेज पाठवून मागे येतात. या पद्धतीत प्रथम पाहण्याची गोष्ट म्हणजे स्पाइकची नोंद फाइलमध्ये केव्हा लिहिली जाते. जागतिक आभासी वेळ, म्हणजे जिच्या मागे आता कोणतीही प्रोसेस जाऊ शकत नाही ती वेळ, त्या स्पाइकच्या पुढे जाण्याआधीच ओळ लिहिली गेली असेल, तर नंतर रद्द झालेले स्पाइकही फाइलमध्ये राहतात. एकाच न्यूरॉनचे दोन स्पाइक विश्रांतिकाळापेक्षा कमी अंतरावर दिसले तर हीच शंका घ्यावी. त्यानंतर स्थिती पूर्णपणे परत येते का हे पाहावे. व्होल्टेज सगळे जण परत आणतात. विश्रांतिकाळ संपण्याची वेळ, शेवटच्या स्पाइकची वेळ, प्लास्टिसिटीचे ट्रेस (सिनॅप्सची ताकद बदलण्यासाठी ठेवलेल्या राशी) आणि यादृच्छिक संख्यांचा काउंटर मागे राहून जातात. उलट गणना करून स्थिती परत मिळवणाऱ्या पद्धतीत आणखी एक अडचण आहे : घातांकाने गुणलेले व्होल्टेज त्याच घातांकाने भागले म्हणून मूळ बिट परत मिळतीलच असे नाही, म्हणून व्होल्टेजसारखी राशी साठवूनच ठेवावी.

संगणक बदलल्यावरच फरक पडत असेल तर कंपायलर आणि गणिताची लायब्ररी तपासावी. आमच्याकडे दोन जुने आणि दोन नवे संगणक आहेत. प्रत्येकावर त्याच्या प्रोसेसरला साजेसा प्रोग्राम कंपाइल केला की नव्या संगणकांवर गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत, मध्ये गोल न करता होते, आणि जुन्यांवर दोनदा गोल होते. घातांक आणि लॉगरिदम यांची उत्तरे शेवटच्या बिटापर्यंत सगळीकडे सारखीच असावीत असे फ्लोटिंग-पॉइंट अंकगणिताचे आयईईई ७५४ मानक बंधन घालत नाही. म्हणून एकच कंपाइल केलेली फाइल सर्व संगणकांवर वापरावी, गुणाकार-बेरीज जोडण्याची मुभा आणि वेगासाठी गणिताचे नियम सैल करणारे फास्ट-मॅथ पर्याय बंद ठेवावेत, आणि लायब्ररी त्या फाइलमध्येच बांधून घ्यावी. आता काही लायब्ररी प्रोसेसर पाहून चालता चालताच वेगळे फंक्शन निवडतात, हेही ध्यानात असू द्यावे.

लुकअहेडबद्दल थोडक्यात. दोन प्रोसेसांमधल्या सिनॅप्सचा सर्वांत लहान विलंब हाच लुकअहेड, म्हणजे एक प्रोसेस दुसरीची वाट न पाहता जितकी पुढे जाऊ शकते ती मुदत, असतो. तो १ मिलिसेकंद असेल तर एका सेकंदाच्या सिम्युलेशनमध्ये हजार वेळा देवाणघेवाण पुरते, ०.१ असेल तर दहा हजार वेळा लागते. काही जण वेग वाढवण्यासाठी ही मुदत हाताने मोठी करतात आणि मग एखादा स्पाइक भूतकाळात येऊन पडतो. अशी घटना आली की प्रोग्राम तत्काळ थांबावा, अशी तपासणी कायम चालू ठेवावी. ती घटना गुपचूप "आत्ता" हाताळणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. प्रोसेसांच्या सीमेवर शून्य विलंबाची सिनॅप्स ठेवू नये. ते दोन न्यूरॉन एकाच प्रोसेसवर न्यावेत.

हे सर्व केल्यावर विद्यार्थिनीने एक, दोन, तीन आणि चार प्रोसेसवर नेटवर्क चालवून स्पाइकच्या क्रमबद्ध नोंदींचे चेकसम (नोंदीत जरासा फरक पडला तरी बदलणारी, तिच्यावरून काढलेली संख्या) ताडून पाहिले. तीन ही संख्या आम्ही मुद्दाम घेतो, कारण न्यूरॉनची संख्या तिने सहसा नि:शेष भागली जात नाही आणि वाटणीबद्दलची गृहीतके तेथे उघडी पडतात. त्याशिवाय चार प्रोसेस ठेवून न्यूरॉन कोणत्या प्रोसेसवर जाणार हे पाच वेळा पिसून पाहिले. सर्व चेकसम जुळले. मग तिने इनपुटच्या फाइलऐवजी पॉयसाँ पद्धतीचे, म्हणजे यादृच्छिक वेळी येणारे, पार्श्वभूमी स्पाइक जोडले, आणि पहिल्याच मिलिसेकंदापासून सगळे पुन्हा वेगळे येऊ लागले. या खेपेस कारण शोधायला दहा मिनिटेही लागली नाहीत : यादृच्छिक संख्यांचा जनक प्रत्येक प्रोसेसला एक होता. तो प्रत्येक न्यूरॉनला एक केला, न्यूरॉनचा जागतिक क्रमांक ही किल्ली आणि कितवी संख्या हा काउंटर अशा फिलॉक्स पद्धतीने, जी न्यूरॉन (NEURON) याच नावाच्या सिम्युलेटरमध्येही उपलब्ध आहे. त्या संध्याकाळी तिने नऊही चेकसम एकाखाली एक छापून मला आणून दाखवले, आणि ४१७ त्या सगळ्यांत गप्प होता.